अठरावा अर्ज

१

वीज तोडायला आलेल्या दोघांनी सोबत पहार आणली होती. तिसऱ्या मजल्यावरचा ग्राहक बिल भरत नाही, नोटिशीला उत्तर देत नाही आणि दारही उघडत नाही, एवढेच त्यांच्या कागदावर लिहिलेले होते. इमारत जुन्या पद्धतीची. मीटर प्रत्येक घराच्या आत. कुलूप तोडल्यावाचून काम होणार नाही, असे धरूनच ते तीन जिने चढून आले होते.

"आधी हाक तर मार," थोरला म्हणाला.

"मारली. कोणी ओ देत नाही."

"मग ढकलून बघ. पहार काय, आहेच."

धाकट्याने तळहाताने दार ढकलले आणि ते उघडले. कुलूप नव्हते. आतली कडीसुद्धा लावलेली नव्हती.

दाराच्या आत अरुंद पॅसेज होता. पॅसेजच्या मध्यभागी, दाराकडे तोंड करून ठेवलेल्या लाकडी खुर्चीत घराचा मालक बसला होता. तो कित्येक महिने तसाच बसलेला होता, हे समजायला डॉक्टरची गरज नव्हती. अंगावर इस्त्रीचा सदरा होता. तो आता त्याच्या मापाचा राहिला नव्हता. त्याच्या डाव्या हाताला भिंतीतले मीटरचे कपाट सताड उघडे होते.

"मीटर चालू आहे," धाकटा म्हणाला. आतल्या खोलीत फ्रिज घुरघुरत होता.

थोरल्याने टोपी काढली. मग, तीस वर्षांची सवय म्हणून, कागदावर आकडा उतरवला: ८८१०. तारीख घातली, २० जून. त्या वर्षात कंपनीच्या माणसाने तो मीटर डोळ्यांनी पाहण्याची ती दुसरी वेळ होती, हे त्याला माहीत नव्हते.

मृत मनुष्य चौऱ्याहत्तर वर्षांचा, एकटा राहणारा, छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक होता. जखम नाही, चोरी नाही, विष नाही. हृदय थांबले असावे. मरण केव्हा आले याबद्दल डॉक्टरांनी लिहिले: फेब्रुवारी ते एप्रिल, याहून नेमके सांगता येत नाही.

कंपनीला मात्र नेमके सांगता येत होते. खालच्या टपालपेटीत मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांची बिले होती, आणि प्रत्येकावर आकड्यापुढे छापले होते: प्रत्यक्ष वाचन, ग्राहक घरी उपस्थित.

२

ग्राहक तक्रार मंचाच्या तपासनीस बाईंनी एकतीस वर्षे मीटर तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्तीनंतर मंचाने त्यांना बोलावून घेतले. कंपनीची माणसे पाठीमागे त्यांना 'मीटरबाई' म्हणत. बाईंच्या ते कानावर होते. त्यांना त्याचा राग नव्हता. याहून वाईट नावे पडलेली माणसे त्यांनी कंपनीच्या इमारतीत पाहिली होती.

त्यांच्यासमोर बसलेली मुलगी चाळिशीची असेल. परगावी, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेत ती काम करी. तिने टेबलावर बापाची वही आणि तीन बिले ठेवली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली.

"तुम्हाला काय हवंय? पैसे परत?"

"नको. तारीख हवीय."

"कसली?"

"बाबा गेले ती. दाखल्यावर तारखेची जागा रिकामी आहे. नोंदणी कार्यालय म्हणतं, मंच जी तारीख ठरवील ती आम्ही लिहू." ती वही पुढे सरकवत म्हणाली, "कंपनी म्हणते बाबा मे महिन्यापर्यंत दिवे लावत होते. ही बघा त्यांची वही. रोजचं रीडिंग, रोज सकाळी आठला. दोन वर्षांत एक आठवडा सोडला तर खाडा नाही. शेवटची नोंद बारा फेब्रुवारी. मग पुढे कोरं. असा माणूस लिहायचं थांबतो कधी?"

बाईंनी पान उलटले. १२ फेब्रुवारी: ८६४०. अक्षर खिळ्यासारखे सरळ होते.

"बारा तारीखच का हवी आहे?"

मुलीने मांडीवरच्या पिशवीची चेन ओढून बंद केली.

"मी त्यांना पत्र लिहिलं होतं. दहा फेब्रुवारीला टाकलं. तेराला सकाळी सातच्या टपालाआधी पोचणं शक्य नाही."

"काय लिहिलं होतं?"

"लिहिलं होतं, बाबा, दोन वर्षं तुम्ही माझ्याशी कंपनीखेरीज दुसरं बोललेला नाहीत. मी दवाखान्यात पडले होते तेव्हा तुम्ही फोनवर मला रीडिंग सांगितलंत. हे भांडण बंद करा. ते बंद होत नाही तोवर मला फोन करू नका." तिने नजर वर केली. "ते पत्र घरात सापडलं नाही. टपालपेटीतही नाही. म्हणजे वाटेत गहाळ झालं असेल. नाही का? बाई, तुम्ही एवढंच सिद्ध करा, की ही तीन बिलं खोटी आहेत."

बाईंनी वीज तोडणाऱ्याचा कागद बिलांशेजारी ठेवला.

"हे बघा. मे अखेरचं 'प्रत्यक्ष वाचन' आहे ८९३०. आणि वीस जूनला मीटरवर होते ८८१०. मीटर उलटा फिरत नाही. दर महिन्याला बरोब्बर शहाण्णव युनिटं चढवलीत, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. बिलं खोटी आहेत, हे सांगायला मला पाच मिनिटंही नकोत."

मुलीने डोळे मिटले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "बिल खोटं ठरलं म्हणजे तुमची तारीख खरी ठरते, असं नाही."

३

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी विधवा राहत होती. तिने बाईंना बसायला स्टूल दिले, स्वतः मात्र मशीनवरचा पाय काढला नाही.

"माणूस कसा होता म्हणून विचारता? सज्जन. पण कटकट्या. कंपनीला अर्ज लिहायचा, तोही टाइप करून. तेही ऐन दुपारी, माझा डोळा लागायच्या वेळी! टक टक टक, डोक्यात खिळे ठोकल्यासारखं. मी एकदा वर जाऊन म्हटलं, अहो, एवढ्या अर्जांच्या कागदावर तुमचा स्वयंपाक झाला असता."

"मग?"

"मग काय! मला वही दाखवायला लागले. म्हणाले, बघा, सत्तर युनिटं जास्त लावलीत. मी म्हटलं, मास्तर, मला का सांगता, मी काय कंपनीची सून आहे?" ती हसली आणि लगेच ओशाळली. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"टकटक कधी थांबली?"

"फेब्रुवारीच्या मध्यावर. तारीख विचाराल तर तेरा-चौदा. माझ्याकडे लग्नाचे सहा ब्लाउज आले होते, पंधराला द्यायचे होते, म्हणून ध्यानात आहे. मला बरं वाटलं हो. खोटं कशाला बोलू? देवाला म्हटलं, सुटले." मशीन थांबली. "त्यांना काही झालं असेल, हे मनातसुद्धा आलं नाही. चार महिने मी रोज त्या दाराखालून गेले. नुसतं ढकललं असतं तरी…"

बाईंनी विचारले, "टकटक थांबल्यावर ते तुम्हाला दिसले नाहीत?"

"कुठले दिसतायत?" ती म्हणाली. सुईत दोरा ओवता ओवता तिचा हात मध्येच अडला. "एकदा दिसले. जिन्यात. दाढी करून, स्वच्छ सदरा घालून. मला म्हणाले, 'आज कुणी येऊन गेलं का हो?' मी म्हटलं, कोण? तर म्हणाले, 'नाही, मला ऐकू कमी येतं, म्हणून विचारलं.'"

"हे कधीचं?"

"दिवस नाही सांगता यायचा. पण टकटक बंद झाल्यावरचं. नक्की. कारण मी मनात म्हटलं, चला, मास्तरांचं भांडण मिटलेलं दिसतंय."

४

मीटरचे आकडे टिपणारा मनुष्य मंचाच्या कचेरीत आला तो आधीच हरलेला होता. पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला. खुर्चीवर बसताना त्याने टेबलाचा आधार घेतला.

"शहाण्णव हा आकडा कुठून आणलात?" बाईंनी विचारले.

"मशीनच देतं, बाई. 'सुचवलेलं वाचन' म्हणून येतं. आम्ही फक्त हो म्हणायचं."

"जिना न चढता?"

तो केविलवाणा हसला. "आमच्यात त्याला पायरीवरचं रीडिंग म्हणतात. पहिल्या पायरीवर बसायचं, मशीनवर बोट दाबायचं, की वरचे तीन मजले वाचून झाले. दिवसाला एकशे ऐंशी घरं आहेत, बाई. 'घर बंद' असं लिहायला गेलो तर दोनदा चालतं, तिसऱ्यांदा माझी हजेरी कापतात. मग घर उघडंच असतं सगळीकडे. ग्राहक उपस्थितच असतो."

"या ग्राहकाकडे कधी गेलात का?"

"जानेवारीत गेलो होतो. जावंच लागलं. त्यांच्या सतरा तक्रारी चालू होत्या ना. अशा खात्यापुढे मशीनमध्ये लाल खूण येते. ती असली की वर चढून मीटरचा फोटो घ्यावाच लागतो, नाहीतर आकडा पुढे सरकतच नाही." तो गुडघा चोळू लागला. "भला माणूस. मला बसवलं, पाणी दिलं. मग वही काढली आणि म्हणाले, तुमचा आजचा आकडा आणि माझा एकच आहे, इथं सही करा. मी केली नाही. सही केली असती तर मागचे सगळे आकडे माझ्या गळ्यात आले असते. ते रागावलेसुद्धा नाहीत. वहीत लिहिलं: वाचक आला, सही नाकारली."

बाईंना ती नोंद आठवली.

"म्हणजे फेब्रुवारी अखेरीला तुम्हाला पुन्हा वर जावं लागणार होतं."

"हो. बिल मार्चच्या सुरुवातीला निघतं, फेरी त्याच्या आधी. मी तयारीनंच गेलो होतो. म्हटलं, या खेपेला सही मागितली तर देऊन टाकू. होईल ते होईल." त्याचा आवाज खाली गेला. "खालच्या पायरीवर मशीन उघडलं. तर लाल खूण नव्हती."

"नव्हती?"

"नाही. त्यांच्या नावापुढे हिरवी होती. 'समाधानी ग्राहक.' मग मी बसलो, बोट दाबलं आणि पुढच्या इमारतीत गेलो."

५

त्या दिवशी दुपारी बाईंनी वही पहिल्या पानापासून वाचली. दोन वर्षे या मनुष्याने हीटर लावला नव्हता. कंपनी जास्त लावते, निदान आपण तरी कमी जाळावे, असा त्यामागे हिशेब असणार. त्यामुळे उन्हाळा असो वा हिवाळा, त्याचा खर्च सारखाच होता: दिवसाला तीन युनिटे. किटली, दोन दिवे, रेडिओ, इस्त्री, फ्रिज.

एकच खंड होता. मागच्या नोव्हेंबरात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तो आठ दिवस दवाखान्यात होता. जातानाचा आकडा आणि परतल्यानंतरचा आकडा यांत फरक होता आठचा. घर रिकामे असताना फक्त फ्रिज चाले, आणि तो दिवसाला एक युनिट घेई.

बाईंनी कागदावर गणित मांडले.

बारा फेब्रुवारी ते वीस जून, दिवस एकशे अठ्ठावीस. मुद्रितशोधक बारा तारखेलाच गेला असता, तर एकट्या फ्रिजने एकशे अठ्ठावीस युनिटे घेतली असती. आकडा ८७६८ असायला हवा होता. तो होता ८८१०.

बेचाळीस युनिटे जास्त. जिवंत माणूस रोज फ्रिजखेरीज दोन युनिटे वापरतो. बेचाळिसात दोन किती वेळा जातात, हे शाळकरी पोरालाही काढता येईल. पण बाईंनी ते भागाकाराच्या खुणेसह तीनदा करून पाहिले. एकवीस दिवस. पाच मार्च. फार तर एखादा दिवस इकडे किंवा तिकडे.

वही थांबल्यानंतर तो एकवीस दिवस जगला होता. चहा करत होता, सदऱ्याला इस्त्री करत होता, रेडिओ ऐकत होता. ज्याने दोन वर्षे आकडा चुकवला नाही, त्याने एकवीस सकाळी मीटरसमोरून जाताना पेन उचलले नाही. टाइपरायटरलाही हात लावला नाही.

आजारपण म्हणावे, तर आजारी माणूस दाढी करून जिन्यात उभा राहत नाही.

आणि ती हिरवी खूण. कंपनीच्या नियमपुस्तकात तक्रार मिटण्याचे दोनच मार्ग होते. ते पुस्तक बाईंना तोंडपाठ होते. एक, कंपनीने चूक कबूल करणे. ते आजवर घडलेले नव्हते. दुसरा, ग्राहकाने स्वतः लेखी अर्ज करून तक्रार मागे घेणे.

सतरा अर्जांच्या नकला घरात व्यवस्थित फायलीत होत्या. अठराव्याची नव्हती, कारण तो टाइप केलेलाच नव्हता.

बाईंनी कागदाची घडी घातली आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवले की त्या येत आहेत, आणि रिकाम्या हाताने परत जाणार नाहीत.

६

"मॅडम, फाइल सापडत नाही," तक्रार अधिकारी म्हणाला. तरुण, नीटनेटका, बोलताना टेबलावरच्या वस्तू सारख्या सरळ करणारा. "आमच्याकडे स्थलांतर चालू आहे. आणि तसंही ते प्रकरण समाधानकारकरीत्या निकाली निघालेलं आहे."

"कुणाच्या समाधानाप्रमाणे?"

"सिस्टिममध्ये तशी नोंद आहे."

"नोंद मी पाहिली. 'अंतिम भेट झाली, ग्राहकाची सही घेतली.' तारीख चोवीस फेब्रुवारी. सही कुठे आहे?"

"ती फाइलमध्ये असणार."

"आणि फाइल सापडत नाही." बाई पुढे झुकल्या. "साहेब, मी तुम्हाला सांगते काय झालं ते, तुम्ही फक्त मान हलवा. त्यांनी तक्रारी मागे घेतल्या. हातानं अर्ज लिहिला. तुमचा नियम असा, की अर्ज आल्यापासून सात दिवसांत माणूस पाठवायचा, शेवटचं वाचन घ्यायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या. माणूस पाठवला नाही. महिनाअखेर आली. सतरा तक्रारींचं खातं तुमच्या नावावर लाल दिसत होतं. तुम्ही भेट झाल्याचं लिहून टाकलंत आणि खातं हिरवं केलंत."

अधिकाऱ्याने पेन सरळ केले. मग वाकडे केले.

"माझ्याकडे चारशे खाती आहेत," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यातली कचेरी गळून पडली होती. "माणूस मागितला तर मिळत नाही. मला वाटलं, त्यांचं भांडण तर मिटलंच आहे. कुणाचं काय बिघडणार? जूनमध्ये बातमी आली तेव्हा मी अर्ज पुन्हा वाचला. तेव्हापासून मला… मॅडम, मी तो फाडू शकलो असतो."

"पण फाडला नाहीत."

"नाही." त्याने खालचा खण उघडला.

दोन कागद एकमेकांना टाचलेले होते. दोन्हींवर आवक शिक्का होता, सतरा फेब्रुवारी. वरचा कागद खिळ्यासारख्या सरळ अक्षरात होता.

'महोदय, माझ्या सर्व सतरा तक्रारी मी मागे घेत आहे. त्या खऱ्या होत्या. मागे घेण्याचे कारण आपण पुराव्यासह मागता, म्हणून माझ्या मुलीचे पत्र मूळ प्रतीत जोडले आहे. काम झाल्यावर ते मला परत मिळावे, ही विनंती. माझ्यापाशी त्याची नक्कल नाही. नियमाप्रमाणे शेवटचे वाचन घेण्यास माणूस पाठवावा. मी रोज दहा ते बारा दाराजवळ बसेन. मला ऐकू कमी येते, तेव्हा त्या वेळात कडी काढून ठेवीन. सह्या झाल्या की भांडण संपले असे मला प्रामाणिकपणे म्हणता येईल आणि मुलीला फोन करता येईल.'

खालचा कागद मुलीचा होता. रागाच्या भरात लिहिलेला, दोन ठिकाणी शब्द सुटलेले, एके ठिकाणी वाक्य अर्धवट. सारा जन्म दुसऱ्यांच्या चुकांना खुणा करण्यात घालवलेल्या माणसाने त्या पत्रावर कुठेही पेन टेकवले नव्हते.

७

मुलगी दोन्ही कागद वाचत असताना बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर एक मनुष्य सायकलची चेन बसवत होता. ती बसत नव्हती. तो पुनःपुन्हा बसवत होता.

मागून आवाज आला.

"म्हणजे ते रोज दारात बसले होते."

"दहा ते बारा. एखाद्या अशाच सकाळी गेले. डॉक्टर म्हणतात, त्रास झाला नसावा."

"डॉक्टर तसंच म्हणतात." तिने कागद पालथे केले. "बाई, एक विचारू? तुमचं ते गणित कुणी तपासणार आहे?"

"नाही."

"कंपनी?"

"कंपनी या तारखेत पडणार नाही. अधिकारी आणि तो वाचक, दोघांनी लेखी कबुली दिली आहे. मंच त्यांचं काय करायचं ते करील. बहुधा वाचकाला घरी बसवतील आणि अधिकाऱ्याची बदली करतील."

"मग बारा फेब्रुवारी लिहा ना." ती पटकन म्हणाली, आणि एकदा सुटल्यावर तिला थांबता येईना. "कुणाचंच नुकसान नाही. वही बाराला थांबते, सगळ्यांना ते पटलेलंच आहे. भावकीत मी तेच सांगितलंय. लिहा ना, बाई. तुम्हाला आई असेल, वडील असतील. एका आकड्याचा तर प्रश्न आहे."

बाई टेबलाशी परत आल्या. अहवालाचा कागद तयार होता. तारखेची जागा रिकामी होती. एकतीस वर्षांत अनेकांनी त्यांच्याकडे एकेक आकडा मागितला होता. पण मागणाऱ्याची इतकी दया त्यांना कधी आली नव्हती. त्यांनी पेनचे टोपण काढले, आणि हात तसाच ठेवला.

"मी लिहीन," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही सांगाल ते लिहीन. पण सांगण्याआधी एवढं ऐका. बारा तारीख लिहिली, तर त्यांनी तुमचं पत्र वाचलंच नाही असं होईल. तुमच्यासाठी त्यांनी जे केलं, तेही मग झालं नाही असं होईल. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं बरोबर असूनही माघार घेतली होती."

मुलगी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली.

"दोन मार्चला त्यांचा फोन आला होता," ती म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवले.

"दुपारी. मी कामावर होते. नंबर बघितला. म्हटलं, परत रीडिंग सांगतील. वाजू दिला. बराच वेळ वाजला. नंतर मला कुणीतरी सांगितलं, ते बारा फेब्रुवारीलाच गेले, तेव्हा मी मनाशी म्हटलं, माझीच तारीख चुकली असेल. तो जानेवारीतला फोन असेल. फोनवरची यादी मी पुसून टाकली. कुणी कागदावर बारा लिहून दिलं असतं ना, तर मी विश्वास ठेवला असता."

"त्यांच्या सह्या अजून झाल्या नव्हत्या," बाई म्हणाल्या. "तरी त्यांनी केला."

"हो."

"काय सांगायचं असेल?"

"ते आता मला कळणार नाही." ती रडत नव्हती, रडण्याने ते संपले असते, आणि ते संपणारे नव्हते, हे दोघींनाही दिसत होते. "पाच मार्च लिहा."

बाईंनी लिहिले. शाई वाळली. मग मुलीने कागद आपल्याकडे ओढून घेतला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

"फोनचंही लिहा."

"अहवालात त्याची गरज नाही. गणित त्याच्याशिवायही उभं राहतं."

"असू दे. दोन मार्च, दुपारी, वडिलांनी मुलीला फोन केला. मुलीनं उचलला नाही." ती ताठ बसली. "लिहा, बाई. माझी सही मी करते."